एका मांडवावर दोन वाल

बी जपणं हे मोठं पुण्याचं काम आहे, असं हल्ली जो तो सांगतो. टीव्हीवर सांगतात, बचत गटाच्या मीटिंगला बाहेरून येणाऱ्या बाया सांगतात. मी लग्न झाल्यापासून वालाचं बी जपत आले, मला त्यात पुण्य कुठं दिसलं नाही. कंटाळा दिसला. आषाढात खड्डा करा, शेणखत घाला, मांडवाच्या मेढी हलतात का बघा, तारा बांधा, वेल चढवा, मावा पडला की राख मारा, शेंगा तोडा, शेजारीपाजारी वाटा, आणि सगळं संपलं की वाळक्या शेंगा सोलून बी राखेत घालून ठेवा. की पुन्हा आषाढ आहेच. पुण्य मिळत असेल तर ते कुठंतरी जमा होत असेल. माझ्या गुडघ्यांत तरी काही जमा झालेलं नाही, उलट होतं ते झिजलं.

हा वाल माझ्या आईचा. माझं माहेर जाफराबादकडं. आईच्या वालाला जांभळं फूल यायचं, शेंग अरुंद, कडेला लुगड्याच्या काठासारखी जांभळी किनार, आत काळंभोर बी आणि त्यावर पांढरी रेघ. शिजल्यावर किनारीचा रंग जायचा, पण वास राहायचा. त्या वासाला काय म्हणावं हे मला कधी सांगता आलं नाही. भाजी झाकून ठेवली तरी बाहेरून आलेल्या माणसाला कळायचं की आज वाल आहे.

आमच्याकडं रीत अशी, की वालाचं बी लेकीबरोबर जातं. सुनेला ते द्यायचं नाही, कारण सून आपलं घेऊन येते. त्यामुळं घराच्या परसात जो वाल असतो तो त्या घरचा नसतोच, घरात आलेल्या बाईच्या माहेरचा असतो. बाई गेली की तिच्या मांडवावरचा वेल तसाच वाळू द्यायचा. बी तिच्या लेकी नेतात. पुढच्या वर्षी सून तिथं आपलं बी टोचते. "जमीन पोरांची, वाल पोरींचा," असं आई म्हणायची. लग्नात मला काय काय मिळालं ते आता आठवतही नाही. बरंचसं पहिल्या पाच-सहा वर्षांत फुटलं, मोडलं, कुणी मागून नेलं. खणाच्या टोकाला गाठ मारून दिलेलं मूठभर बी तेवढं राहिलं.

सासरी गावाकडं जागा भरपूर होती. सासूबाईंचा मांडव पुढच्या अंगाला, माझा गोठ्याच्या मागं. त्यांच्या वालाला पांढरं फूल, शेंग रुंद आणि चपटी, बी तांबूस. त्या माझ्या मांडवाकडं बघायच्या नाहीत, मी त्यांच्या मांडवाकडं बघायची नाही. त्यात भांडण काही नव्हतं. घरोघरी असंच होतं.

मग ह्यांना अंबडच्या पुढं एका साखर कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि आम्ही कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टरमध्ये आलो. दोन खोल्या, एक मोरी आणि मागं एवढंसं अंगण. अंगणात धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, आणि उरलेल्या जागेत एक मांडव. हंगाम सुरू झाला की सगळ्या वसाहतीत मळीचा वास भरून राहायचा आणि चिमणीची काजळी पानांवर बसायची. बायका वाळत घातलेल्या कपड्यांपायी कारखान्याच्या नावानं बोटं मोडायच्या. मी मात्र गप्प असायची. काजळीनं वेलावर मावा कमी पडतो असं मला वाटायचं. खरं-खोटं देव जाणे, पण राख मारायचं एक काम वाचलं होतं.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडं आल्या. जीपमधून उतरल्या तेव्हा एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात शेणानं तोंड लिंपलेलं बियाचं छोटं गाडगं. पिशवी त्यांनी माझ्याकडं दिली, गाडगं दिलं नाही. मागच्या दारी जाऊन त्यांनी तो एकुलता एक मांडव बघितला आणि धुण्याच्या दगडावर बसून राहिल्या.

"एका मांडवावर दोन वाल चढवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "वाण बिघडतं."

मलाही ते माहीत होतं. माझी आई हेच सांगायची. पण मी काही माझा वेल त्यांच्यासाठी सोडणार नव्हते, आणि त्या तर सासूच होत्या. शेवटी ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता निकाल दिला, "मंग अर्धा अर्धा करा की." उंटावरून शेळ्या हाकायला ह्यांचा हात कुणी धरू नये. पण दुसरा मार्गही नव्हता. पूर्वेच्या मेढीला सासूबाईंचा वाल, पश्चिमेच्या मेढीला माझा. मधोमध तारेला त्यांनी जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. चिंधीच्या अलीकडं त्यांनी तोडायचं, पलीकडं मी.

दिवाळीपर्यंत सगळा गुंता झाला. वेलींना काय चिंधी कळते? माझी जांभळी फुलं पार पूर्वेच्या मेढीवर लोंबत होती आणि त्यांची पांढरी माझ्या टाकीवर. ते मोठे काळे भुंगे सकाळपासून ह्या फुलावरून त्या फुलावर घुं-घुं करत फिरायचे, त्यांना ना चिंधी दिसत होती ना सासू. आम्ही दोघी मात्र पदर खोचून आपापला वेल शोधत तोडत राहायचो. घरात एक चूल, म्हणजे एक गॅस, आणि त्यावर वालाच्या दोन भाज्या. त्या त्यांच्या शेंगांत येसूर मसाला घालायच्या, मी माझ्यात ठेचा आणि दाण्याचा कूट. हे जेवायला बसले की पहिला घास घ्यायच्या आधी हळूच विचारायचे, "ही कुणाची?" मग ज्या बाजूनं उत्तर येईल त्या बाजूला बघून म्हणायचे, "चांगली झाली." दोन्ही भाज्या संपवायचे. हा माणूस आयुष्यभर कारखान्यात टिकला तो असाच.

सासूबाई वाईट नव्हत्या. मला त्या आवडत नव्हत्या, एवढंच. त्यांनाही मी आवडत नव्हते. एका मोरीवर दोन बायांनी इतकी वर्षं भांडी घासली, की आवडण्या-नावडण्याचंही पुढं काही वाटेनासं झालं. त्या शेवटी अंथरुणावर होत्या तेव्हा सगळं मीच केलं, पण ते प्रेमानं केलं असं मी म्हणणार नाही. करायचं होतं म्हणून केलं. त्या गेल्या तेव्हा मला रडू आलं नाही. घर माणसांनी भरलं होतं, चहा करायचा होता.

ह्यांची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, अंबडला दिली आहे. लग्नात मिळालेलं बी तिच्याकडं टिकलं नव्हतं. सगळं आवरल्यावर रीतीप्रमाणं गाडगं ती घेऊन गेली. मांडवावरची पांढऱ्या फुलांची वेल वाळून गेली आणि आषाढात मी तिथं दोन्ही मेढींना माझं बी लावलं. चार दिवस सासूचे संपले, सुनेचे सुरू झाले. सुनेच्या चार दिवसांतही मांडव सुनेलाच बांधावा लागतो, हे मात्र म्हणीत कुणी सांगितलेलं नाही.

पुढची एक-दोन वर्षं मांडवावर नुसतं जांभळं होतं. मग एका वर्षी टाकीकडच्या कोपऱ्यात एक वेल पांढरी फुलली. शेंग रुंद, किनार नाही. मला वाटलं, रोग आहे. सासूबाईंचा वाल तर त्यांच्याबरोबर संपला, बी अक्काकडं गेलं, असं एकदा डोक्यात बसलं होतं, आणि मधल्या काळात पांढरं फूल एकही दिसलं नव्हतं. वेगळी वेल दिसली की मुळातून उपटायची, नाहीतर सगळं बी नासतं, ही आईची शिकवण. उद्या उपटू म्हटलं. उद्या मुलाची परीक्षा होती, परवा ह्यांची रात्रपाळी, तेरवा पाहुणे. ती वेल तशीच राहिली. पुढच्या वर्षी दुसरीकडं उगवली. दरवर्षी तिच्याकडं बघून मी वैतागायची आणि दरवर्षी तिच्या शेंगाही पाटीत पडायच्या. बियाच्या डब्यात काळ्यांमध्ये अधूनमधून तांबूस दाणे दिसायला लागले. कारखान्याच्या पाण्यानं रंग उतरला असेल, असं मी धरून चालले. थकलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही, त्याला फक्त पुढचं काम दिसतं.

यंदा हे रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं होतं. जालन्याला मुलाच्या फ्लॅटवर जायचं ठरलं, दुसऱ्या मजल्यावर. मला दोन्ही मुलगेच. लेक नाही, म्हणजे रीतीप्रमाणं माझं बी न्यायला कुणी नाही. सुनेला रीत मोडून देऊन बघितलं. चांगली पोरगी आहे. तिनं बी तळहातावर घेतलं, कौतुकानं बघितलं आणि म्हणाली, "आई, पण मी हे लावू कुठं?" तिचं काय चुकलं? मुलगा म्हणाला, "कुंडीत लाव गॅलरीत." वाल कुंडीत लावायचा म्हणजे बैल गॅलरीत बांधायचा.

वसाहतीत विचारून पाहिलं. भोगीच्या आदल्या दिवशी सगळ्या वसाहतीला आमच्या मागच्या दाराची आठवण होते. भोगीच्या भाजीला शेंगा लागतात. वर्षानुवर्षं पिशव्या घेऊन आलेल्या बायांना मी यंदा म्हटलं, बी पण न्या, मी चालले. एक म्हणाली, नेऊ की नंतर. दुसरी म्हणाली, आमच्यात कुणाला वेळ आहे? तिसरी शेंगा घेऊन निघून गेली. मागच्या काही वर्षांत ज्यांना दिलं त्यांनी एकदा लावलं, शेंगा खाल्ल्या, बी ठेवलं नाही. पुन्हा आषाढात वाटी घेऊन माझ्याच दारात. मला खरंच वीट आला. डब्याचं झाकण लावलं आणि ठरवलं, जाताना हे सगळं भिजत घालायचं आणि उसळ करून मोकळं व्हायचं. माझ्या आईचं बी माझ्या हातानं संपलं तर संपलं. डबा उसळीसाठी वेगळा काढून ठेवला.

त्याच आठवड्यात अक्काचा फोन आला.

"अगं, आईच्या वालाचं बी हाय का तुझ्यापाशी थोडं?"

"अक्का, गाडगं तर तुम्हीच नेल्तं."

"नेल्तं. लावलं बी काही वर्षं. मंग अंगणात फरशी टाकली. बी बरणीत ठेवलं आन् राख घालायची राह्यली. कीड लागली गं. हातात घेतलं तर नुसतं पीठ झाल्तं. कुणालाच सांगितलं न्हाई म्या."

अक्काचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मुलं पुण्याला. घरात ती एकटी. गवंड्याला बोलावून तिनं अंगणातल्या चार फरश्या काढून घेतल्या होत्या. बाजारातलं पाकीट आणून वाल लावला होता. "शेंगा बराबर लागल्या," ती म्हणाली, "चव बी चांगली हाय. पर आईची न्हाई. आईचं माझ्याजवळ काईच न्हाई बघ. लुगडी वाटली गेली, फोटो हाय तो तुमच्याकडं."

"माझ्याकडं आहे ते माझ्या आईचं आहे," मी म्हटलं. "तुमच्या आईचं संपलं."

फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच आवाज कानात टोचत राहिला. पण राग त्याहून जास्त होता. हिच्याकडं अंगण होतं, ऊन होतं, आणि हिनं राख घालायचा आळस केला. मी गुडघे धरत धरत दरवर्षी जपलं, तर ते कुणाला नको आहे. जे आहे ते कुणी मागत नाही आणि जे नाही त्यासाठी फोन येतो.

चार दिवसांनी अक्का स्वतःच एसटीनं आली. बांधाबांधीला मदत करायला म्हणून आली. मदतीला आलेल्या माणसाची निम्मी मदत चहा पिण्यात जाते, तशी तिचीही गेली. मी पेट्या भरत होते, ती प्रत्येक भांडं हातात घेऊन हे कुणाचं, हे कधीचं विचारत होती. मी कंटाळून म्हटलं, अक्का, तुम्ही मागं उन्हात बसा जरा.

ती मागं गेली. बराच वेळ तिचा आवाज आला नाही. म्हटलं, पडली-बिडली तर नाही ना. जाऊन बघते तर टाकीच्या कोपऱ्यात एका हातानं मेढ धरून उभी होती.

"हे कुणाचं गं?"

"माझंच की. ती एक रोगट वेल हाय. उपटायची राहून गेली."

तिनं पांढऱ्या फुलांचा एक तुरा ओढून जवळ घेतला. मग खालच्या बाजूची एक वाळकी शेंग तोडली, अंगठ्यानं उकलली. तांबूस दाणे. ते तिनं तळहातावर घेतले, नाकाशी नेले. मग एक कोवळी शेंग काडकन मोडली आणि तिचाही वास घेतला. अक्का साठी ओलांडलेली बाई. ती तिथं उभ्या उभ्या लहान पोरीसारखी रडायला लागली.

"आईचं हाय," ती म्हणाली. "बिलकुल आईचं हाय."

मी त्या दाण्यांकडं बघत राहिले. लाल चिंधी आठवली, ते भुंगे आठवले, गुंतलेल्या वेली आठवल्या. वाण बिघडतं म्हणून ज्या बाईनं मधोमध चिंधी बांधली, तिचं वाण माझ्या आईच्या बियात लपून बसलं होतं. मी ते दरवर्षी राखेत घालत होते, दरवर्षी पेरत होते, पाणी घालत होते. अंथरुणावर असताना केलं त्याहून जास्त मी त्यांचं नंतर केलं, आणि मला पत्ताच नव्हता.

"इतकी वर्सं ठेवलंस तू?" अक्कानं विचारलं.

आता खोटं काय बोलायचं? "ठेवलं न्हाई अक्का. उपटायचा कंटाळा केला."

तिनं पदरानं नाक पुसलं. "मंग राह्यलंच की," ती म्हणाली.

त्या वेलीच्या सगळ्या वाळक्या शेंगा तिनं सोलल्या. दाणे पदरात घेतले, पदराला गाठ मारली. मी आत जाऊन डबा घेऊन आले. उसळीसाठी वेगळा काढलेला तोच डबा. तिच्यापुढं धरला. तिच्या माहेरचं बी तिला मिळालं होतं. माझ्या माहेरच्या बियावर तिचा हक्क नव्हता आणि तिला त्याची गरजही नव्हती. शेवटी एवढंच म्हटलं, "अक्का, हे माझ्या आईचं. मला लेक न्हाई."

तिनं झाकण उघडून राखेत बोट घातलं. काळे दाणे वर आले.

"मांडव एकच हाय माझ्याकडं," ती म्हणाली. "आन् एका मांडवावर दोन वाल चढवत न्हाईत, आई म्हणायची."

"हो," मी म्हटलं आणि डबा मागं घ्यायला लागले.

तिनं तो सोडला नाही. वर मांडवाकडं बघितलं. जांभळं आणि पांढरं, सगळं एकमेकांत.

"पर चढलेच की," ती म्हणाली आणि डबा काखेत मारला. "पूर्वेच्या मेढीला आईचं लावते, पश्चिमेच्या मेढीला तुझं. आषाढात ये चार दिवस. माझ्याच्यानं एकटीनं तारा बांधणं व्हायचं न्हाई."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आता अंबडला जाऊनही मांडव बांधा. पण मी नाही म्हटलं नाही. धुण्याच्या दगडावर टेकले, आणि सासूबाई गेल्या त्या दिवशी न आलेलं रडू मला तिथं आलं. अक्का शेजारी बसून शेंगांच्या शिरा काढत राहिली. तिनं मला गप्प केलं नाही, हे बरं केलं.

संध्याकाळी भांडी बरीचशी बांधून झाली होती, एकच कढई बाहेर राहिली होती. मांडवावरच्या होत्या नव्हत्या त्या शेंगा एकत्रच मोडल्या. लसूण घातला, अक्कानं बरोबर आणलेला येसूर घातला, मी दाण्याचा कूट घातला. रिकाम्या खोलीत पेट्यांच्या मध्ये पेपर टाकून जेवायला बसलो. ह्यांनी भाकर मोडली, घास भाजीत बुडवला आणि सवयीनं हात थांबवून विचारलं,

"ही कुणाची?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं.

"दोघींची," मी म्हटलं.

ह्यांनी एकदा कढईकडं बघितलं, एकदा मागच्या दाराकडं. चांगली झाली, असं म्हणाले नाहीत. खाली मान घालून जेवले आणि कढई पुसून घेतली.